नव्या तारा तीन आठवड्यांत बद्द वाजायला लागल्या: दोष तारांचा की गिटारचा?

सहातारी (ऐरोली), शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गिटार इलेक्ट्रिक, स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) घाटाची आहे. पिकअप (तारेचा कंप पकडून अ‍ॅम्पला देणारे चुंबक आणि कॉइल) तीन: ब्रिजकडे दोन कॉइलचा हमबकर, मधला आणि नेककडचा सिंगल कॉइल. तीन आठवड्यांपूर्वी १०-४६ जाडीचा (इंचाचे हजारावे भाग) नवा निकेल सेट चढवला. आता चौथी, पाचवी, सहावी अशा तिन्ही गुंडाळीच्या तारा बद्द वाजतायत. पातळ तीन तारा ठीक आहेत. शिवाय सहाव्या तारेवर बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) वर गेलं की सूर नुसता बद्द नाही, थरथरतो. दोन सूर एकमेकांत मिसळल्यासारखं ऐकू येतं.

घर खाडीच्या अंगाला, गिटार खिडकीजवळ स्टँडवर असते, रोज तासभर वाजवणं होतं. पिकअप बदलून बघा असा सल्ला मिळालाय. त्याआधी घरी काय तपासता येईल?

सोल्डरधूर (ठाणे पश्चिम), रात्री १०.०५

पिकअप विकत घेऊ नका. आधी केबल काढा.

मडकं घेताना टिचकी मारून बघतात ना, तसंच करायचं. गिटार अ‍ॅम्पला न जोडता शांत खोलीत एकेक तार मोकळी छेडा. गिटारच्या वरच्या शिंगाला, म्हणजे पट्टा अडकवतो त्या टोकाला, कान टेकवलात तर लाकडातून सगळं स्पष्ट ऐकू येतं. चांगली तार खणखणीत वाजून सात-आठ सेकंद तरी रेंगाळते. मेलेली तार ‘ढब्’ करून विझते.

केबलशिवायही बद्द वाजत असेल तर दोष तार, नट (मानेच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी), फ्रेट किंवा सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) यांपैकी कशात तरी आहे. केबलशिवाय खणखणीत आणि अ‍ॅम्पमधून बद्द असेल तर पिकअपची उंची, पॉट (व्हॉल्यूम आणि टोनची फिरती बटणं), कपॅसिटर, जॅक किंवा केबल. एवढं कळलं की निम्मी यादी आपोआप गळते.

मग तिथेच आणखी दोन गोष्टी बघा. मोकळी तार बद्द आणि दाबलेली खणखणीत असेल तर नट. एकाच फ्रेटवर बद्द असेल तर तो फ्रेट किंवा त्याच्या पुढचा. सगळीकडे सारखीच बद्द असेल तर तार.

जवारी (नौपाडा), रात्री १०.३०

सोल्डरधूर यांच्याशी सहमत, आणि तुमच्या वर्णनावरून दोन वेगवेगळे दोष दिसतायत. आधी पहिला.

गुंडाळीच्या तारांत मधे पोलादी गाभा असतो आणि त्यावर निकेलचा मुलामा दिलेली बारीक पोलादी तार वेढलेली असते. दोन वेढ्यांच्या खाचेत घाम, त्वचेचे कण आणि धूळ भरते. खाच भरली की तारेचं वजन जागोजागी कमीजास्त होतं आणि वेढे एकमेकांवर मोकळे हलू शकत नाहीत. वरचे स्वरांश, ज्यांनी सूर चमकतो, ते सगळ्यात आधी मरतात. पातळ तारांना खाचच नसते, म्हणून त्या जास्त टिकतात. त्या बद्द होत नाहीत, गंजतात आणि तुटतात. तीन बद्द, तीन ठीक ही तुमची विभागणी त्यामुळेच.

खात्री करायची असेल तर पांढऱ्या सुती कापडाची घडी पाचव्या तारेखाली सरकवा, वरून चिमटीत धरा आणि नटपासून ब्रिजपर्यंत एकदा ओढा. काळी रेघ उमटली की समजा. मग नखाचं टोक तारेच्या खालच्या अंगाने, फ्रेट लागतात त्या बाजूने, हळू फिरवा. दुसऱ्या ते सातव्या फ्रेटच्या जागी खटके लागतील. फ्रेटवर आपटून वेढे चपटे झालेले असतात. मळ निघतो, चपटेपणा भरून येत नाही. खटके ठळक असतील तर साफसफाईत वेळ न घालवता सेट बदला.

ट्यूनर असेल तर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ताडून बघा. तारा नव्या होत्या तेव्हा दोन्ही जुळत होते आणि आता पाच-सहा सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक पडतोय, तर तार संपली. मेलेल्या तारेवर इंटोनेशन (मानेभर सूर बरोबर लागणं) लावायला सॅडलचे स्क्रू फिरवू नका. नवी तार चढली की सगळं उलटं होऊन बसतं.

सहातारी (ऐरोली), रविवार, सकाळी ११.१५

सगळं करून बघितलं. केबलशिवायही तिन्ही जाड तारा बद्दच. कापडावर काळी रेघ आली. खटके तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटपाशी जाणवले, पण बारीक. बाराव्या फ्रेटच्या वरची थरथर मात्र केबल काढली तरी आहे! तारांचा दोष असता तर थरथर पाचव्या तारेवरही हवी होती ना? तिथे अगदी थोडी आहे.

सोल्डरधूर (ठाणे पश्चिम), दुपारी १२.००

हा तुमचा दुसरा दोष. नेक पिकअप तारेच्या फार जवळ आलाय.

सिंगल कॉइलमधले दांडे स्वतःच चुंबक असतील, म्हणजे अल्निकोचे, तर त्यांची ओढ चांगलीच जोरदार असते. तार वर-खाली हलते त्या दिशेला ही ओढ जास्त, आडव्या दिशेला कमी. त्यामुळे एकच तार दोन दिशांना किंचित वेगळ्या वेगाने कंप पावते, आणि त्या फरकाचे ठोके तुम्हाला थरथर म्हणून ऐकू येतात. वर दाबत गेलं की तार खाली येते, चुंबकाच्या आणखी जवळ जाते. सहावी सगळ्यात जाड, म्हणजे सगळ्यात जास्त लोखंड, म्हणून तिच्यावर परिणाम सगळ्यात जास्त. चुंबक केबल काढली तरी ओढतच असतो, म्हणून थरथर तशीच राहिली.

तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरा आणि तारेच्या खालच्या कडेपासून दांड्याच्या डोक्यापर्यंतचं अंतर मोजा. फेंडर नेहमीच्या सिंगल कॉइलसाठी सहाव्या तारेकडे २ मिमी आणि पहिलीकडे १.६ मिमी सांगतं. जुन्या घाटाच्या पिकअपना याहून जास्त, २.४ आणि २. हमबकरला दोन्हीकडे १.६ मिमीपासून सुरुवात करा. पिकअपच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू उलटे फिरवले की पिकअप खाली जातो. अर्धा-अर्धा फेरा फिरवा, दर वेळी सहाव्या तारेवर सतरावा फ्रेट वाजवा. थरथर गेली त्याच्या अर्धा फेरा खाली थांबा. आवाज थोडा कमी झाला तर अ‍ॅम्पवर वाढवा, त्यासाठी पिकअप परत वर आणू नका.

खुंटी (कोपरखैरणे), दुपारी १.१०

तारा उकळल्या की नव्यासारख्या होतात असं ऐकलंय. खरं का? आणि घाम येतो म्हणून हाताला टाल्कम पावडर लावून वाजवलं तर?

जवारी (नौपाडा), दुपारी १.४५

उकळून मळ सुटतो आणि एक-दोन दिवस चमक येते हे खरं. पण वेढ्यांच्या आत, गाभ्यापर्यंत पाणी शिरतं. ते पुसता येत नाही, आणि आपल्याकडच्या जुलैत ते वाळतही नाही. गाभा आतून गंजला की तार पहिल्यापेक्षा जास्त बद्द होते आणि खुंटीपाशी तुटते.

त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात, ९९ टक्केवालं मागा. औषधाच्या दुकानातलं ७० टक्केवालं नको, उरलेलं ३० टक्के पाणीच असतं. तार उतरवून सैल वेटोळं करा, झाकणाच्या काचेच्या बरणीत बुडेल इतकं आयपीए घाला आणि रात्रभर ठेवा. सकाळी खालचा गाळ बघाल तेव्हा कळेल काय अडकलं होतं. सुती कापडाने पुसा, अर्धा तास वाऱ्यावर ठेवा, चढवा. बरणी गॅस, उदबत्ती, देवघर यांपासून लांब ठेवा, हे भडकन पेटतं. खुंटीपाशी वाकलेली जागा परत वाकवली की कमकुवत होते, म्हणून एका तारेला हे एकदाच.

तार गिटारवर असतानाच पुसायची असेल तर फ्रेटबोर्डवर पुठ्ठ्याची पट्टी सरकवून मग आयपीएचा बोळा फिरवा. लॅकरवर, रंगावर, कोरड्या रोजवुडवर एक थेंबही पडू देऊ नका.

पावडर तर अजिबात नको. पावडर आणि घाम मिळून खाचेत अक्षरशः लेप बसतो. खोबरेल लावणारेही आहेत, तेही चिकट होऊन धूळ धरतं. वाजवायच्या आधी साबणाने हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि वाजवून झालं की प्रत्येक तार कापडात चिमटून, खालच्या बाजूनेही, पुसा. वीस सेकंदांचं काम आहे आणि तारेचं आयुष्य यानेच सगळ्यात जास्त वाढतं.

दवबिंदू (नेरुळ), दुपारी ३.२०

खाडीकाठच्या मंडळींसाठी एक मुद्दा राहिला. वाशी, ऐरोली, नेरुळ, बेलापूर, सगळीकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते. गिटारला ४५ ते ५५ मानवते. पण नुसत्या दमट हवेपेक्षा जास्त नुकसान एसीमुळे होतं, आणि याकडे कुणी बघत नाही.

बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर साधारण २७ अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. २३ अंशांच्या खोलीतली गिटार थेट गॅलरीत किंवा हॉलमधे आणली की थंड तारांवर पाण्याचा पातळ थर बसतो. चष्मा धुरकट होतो ना, तेच. डोळ्यांना तारेवर ते दिसत नाही. पहिल्या दोन तारांवर बोट फिरवलं की दुसऱ्या दिवशी खरखर लागते, ती त्या दवाचीच. गिटार केसमधे बंद करून बाहेर आणा आणि अर्धा-पाऊण तास केस उघडू नका.

स्टँड खिडकीपासून हलवा. केसमधे सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा. रंग बदलणारे दाणे घ्या, पण निळ्यापेक्षा नारिंगी बरे, निळ्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो. रंग उतरला की ओव्हनमधे ११०-१२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतात. खाण्याच्या भांड्यात तापवू नका. जून ते सप्टेंबर कोटिंगच्या तारा घेणं इथे परवडतं. महाग असतात, पण वेढ्यांत मळ शिरत नाही. कोटिंगचे बारीक पांढरे धागे सुटायला लागले की बदलायच्या.

तिसरीतार (खारघर), संध्याकाळी ६.००

माझ्याकडे उलटं आहे. फक्त तिसरी तार, आणि तीही मोकळी असतानाच बद्द. वर हलकी झण्‌झण्. पहिल्या फ्रेटवर दाबली की स्वच्छ. तार नवीच आहे.

जवारी (नौपाडा), संध्याकाळी ६.४०

नट. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून तिसरी मोकळी छेडा, झण्‌झण् गेली तर शंकाच नको.

नटच्या खाचेत तार पुढच्या धारेवर, फ्रेटबोर्डकडच्या कडेवर टेकायला हवी आणि तिथून हेडस्टॉककडे (खुंट्या असतात त्या टोकाकडे) उतरती जायला हवी. खाचेचा तळ सपाट असेल किंवा उंचवटा मागे असेल तर तार खाचेतल्या तळावर थरथरत घासते. तंबोऱ्याला हाच परिणाम मुद्दाम, घोडीवर सूत सरकवून आणतात. मिरजेच्या कारागिराचं सगळं कसब त्या जवारीत असतं. गिटारच्या नटवर मात्र तो दोषच.

तुमची गिटार स्ट्रॅट घाटाची असेल तर आधी फाइल न लावता एक बघा. पहिल्या-दुसऱ्या तारेवर हेडस्टॉकला दाबपट्टी असते, तिसरीला बहुधा नसते. तिचे वेढे खुंटीवर वरच्या बाजूला चढले असतील तर नटवर दाबच पडत नाही. तार सैल करून चार वेढे वरून खाली बसवा. बरेचदा एवढ्यानेच काम होतं.

नाही झालं तर तारेपेक्षा किंचित रुंद नट-फाइल. तिसरी १७ ची असेल तर १८ किंवा २० ची. हेडस्टॉककडे उतार ठेवून दोन-तीन हात, मग तार लावून ऐका. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट राहायलाच हवी. फट संपली तर खाच जास्त खोल गेली. मग खाचेत चिमूटभर खाण्याचा सोडा दाबून त्यावर फेविक्विकचा एक थेंब सोडतात. क्षणात दगड होतो, मग परत घासायचं. वाफ डोळ्यांत जाते, तोंड लांब ठेवा.

बारावा_फ्रेट (कोलशेत), रात्री ८.१५

माझी दोन हमबकरवाली आहे. केबलशिवाय मस्त खणखणीत, अ‍ॅम्पमधून सगळ्या तारा सारख्याच बद्द, घोंगडी पांघरल्यासारख्या. तीन महिन्यांपूर्वी दोन्ही पॉट बदलून घेतलेत.

सोल्डरधूर (ठाणे पश्चिम), रात्री ८.५०

मागचं झाकण उघडा आणि पॉटच्या पाठीवर काय छापलंय ते वाचा. हमबकरला ५०० के लागतो, सिंगल कॉइलला २५० के. हमबकरवर २५० केचे दोन बसले तर वरचा आवाज सरळ जमिनीत (सर्किटच्या ग्राउंडला) जातो. आणि २५ के छापलेलं दिसलं तर उत्तर मिळालंच, ते बॅटरीवाल्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपसाठी असतात. आकडा सारखाच दिसतो म्हणून चुकून बसतात. आकड्याआधीचं अक्षरही बघा. ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. बीने आवाज बद्द होत नाही, पण व्हॉल्यूम एकदम खाली पडतो.

पॉट बरोबर असतील तर टोनच्या कपॅसिटरचा एक पाय सोल्डरमधून सोडवा आणि वाजवून बघा. आवाज उघडला तर दोष टोनच्या जोडणीत, कपॅसिटर कायम जमिनीला लागलाय. नाही उघडला तर पाय परत जोडा. कपॅसिटरवर २२३ म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड, हमबकरला हाच. ४७३ म्हणजे ०.०४७. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला नुसता आकडा सांगितला तरी देतात.

मल्टिमीटर असेल तर आणखी सोपं. केबल गिटारला लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनचं टोक आणि तिचा दांडा यांत रोध मोजा. साध्या हमबकरला ७ ते ९ किलोओहम, सिंगल कॉइलला ५.५ ते ६.५ च्या आसपास. जोरकस पिकअप याहून जास्त दाखवतात, ते चालतं. निम्म्याच्याही खाली आलं तर कॉइलचा एक भाग जमिनीला लागलाय.

पॉटच्या पाठीला सोल्डर करण्याआधी पॉलिश पेपरने घासा, ४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न वापरा आणि तीन-चार सेकंदांत उचला. रेंगाळलात तर आतली कार्बनची पट्टी जळते.

रेकॉर्डिंगखोली (घणसोली), रात्री ९.३०

केबलबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. गिटारच्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धारिता असते. पिकअपच्या कॉइलशी ती मिळून ठरावीक कंपनसंख्येवर आवाजाचं एक शिखर तयार होतं आणि त्याच्या वरचा आवाज कापला जातो. अडीच हेन्रीच्या सिंगल कॉइलला एकूण ७०० पिकोफॅरड लागली तर शिखर ३८०० हर्ट्झच्या आसपास, १२०० लागली तर २९०० वर येतं. पाच मीटरची केबल काढून दहाची लावली की साधारण एवढाच फरक पडतो, आणि तो कानाला लगेच कळतो. तीन मीटरची केबल उसनी आणून ताडून बघा.

घरी लॅपटॉपवर वाजवणाऱ्यांनी ऑडिओ इंटरफेसवरचं इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबलंय का ते बघा. गिटारला एक मेगाओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुट दहा-वीस किलोओहमचा असतो, त्यात पिकअप गुदमरतो. नव्या तारा आणि नवे पिकअप घेऊनही आवाज बद्दच, असं झालं तर बरेचदा हे बटणच दाबायचं राहिलेलं असतं.

व्हॉल्यूम सातवर आणला की चमक जाते अशी तक्रार असेल तर व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि मधल्या पायांत १०२ आकड्याचा कपॅसिटर आणि १५० के रेझिस्टर समांतर जोडा.

बारावा_फ्रेट (कोलशेत), सोमवार, रात्री ९.००

दोन्ही पॉटवर बी २५० के छापलंय. मोजमाप ७.८ किलोओहम आलं, म्हणजे पिकअप ठीक. ए ५०० के आणायला शनिवारी जातोय. मनापासून धन्यवाद.

सहातारी (ऐरोली), मंगळवार, रात्री ८.२०

नेक पिकअप मोजला, सहाव्या तारेकडे अंतर एक मिमीच्याही आत होतं! २.२ वर आणल्यावर थरथर पूर्ण गेली. तारा आयपीएत ठेवल्या, चौथी आणि पाचवी छान उघडली, सहावी निम्मीच. नवा सेट आणलाय. चढवताना काय सांभाळायचं? मागच्या वेळी सहावी चढवताना पिळली गेली होती बहुतेक.

जवारी (नौपाडा), रात्री ९.०५

पिळलेली तार पहिल्या दिवसापासून बद्द वाजते. खुंटी फिरवताना तारेचं ब्रिजकडचं टोक चिमटीत धरून बघा, तार स्वतःभोवती फिरत असेल तर थांबा, सोडा, मोकळी होऊ द्या.

जाड तारांना खुंटीच्या पुढे पाच-सहा सेंटिमीटर सोडा, दोन-तीन वेढे बसतात. पातळ तारांना आठ-नऊ, चार-पाच वेढे. कापायच्या जागी आधी काटकोनात वाकवा, मग पुढचं कापा. सरळ तार कापली तर वरचा वेढा गाभ्यावरून सुटू शकतो, विशेषतः गोल गाभ्याच्या तारांत, आणि तार तिथेच मरते.

सुरात आल्यावर एक करा, बहुतेक जण विसरतात. नवी कडक तार सॅडलवरून वाकताना सरळ कोन न करता कमान करून पुढे येते. त्यामुळे ती नेमकी कुठून कंप पावते हे ठरत नाही, सूर पसरट होतो. सॅडलच्या दोन मिमी पुढे अंगठ्याने तार हलकेच खाली दाबा, नटच्या पुढेही तसंच. जोर लावू नका, नुसता कोन बसवायचा. मग बाराव्या फ्रेटपाशी तार बोटाने वर ओढून ताणा, परत सुरात लावा, सूर उतरायचा थांबेपर्यंत तीन-चार वेळा. इंटोनेशन आणि पिकअपची उंची त्यानंतर तपासा.

सहातारी (ऐरोली), बुधवार, सकाळी ७.५०

सॅडलपुढे दाबल्याबरोबर सहावीचा सूर कानासमोर आवळला गेला, ट्यूनरवर चार सेंट उतरला तो परत चढवला. स्टँड आतल्या भिंतीशी हलवलाय. उतरवलेली चौथी आणि पाचवी पुसून, नारिंगी दाण्यांच्या पिशवीसोबत डब्यात ठेवली आहेत, अडीअडचणीला लागतील.